पाय रुततो तिथं

ऐंशीच्या दशकात मी बोरिवलीहून होडीनं गोराईला दुपारच्या शाळेत शिकवायला जायचो. ओहोटीला होडी धक्क्याला लागत नसे. मग चपला हातात घ्यायच्या आणि चिखल तुडवत काठ गाठायचा. मला त्या चिखलाचा मनस्वी तिटकारा होता.

पावसाळ्यात मासळी विकून परतणारी एक कोळीण त्याच होडीत असायची. खाडीकाठच्या कांदळाच्या झाडाची वीतभर हिरवी शेंग पाण्यावर तरंगताना दिसली, की वाकून उचलायची आणि रिकाम्या टोपलीत टाकायची. उतरताना प्रत्येकाच्या हातात एकेक ठेवायची. मग तो पाद्री असो की नवी नवरी.

"पाय रुततो तिथं खोच."

जळणासाठी कांदळ तोडून खाडीचा काठ उघडा पडला होता. भरतीचं खारं पाणी भातशेतात शिरू लागलं होतं.

एकदा शेंग चिखलात खोचता खोचता मी वैतागून म्हणालो, "मावशी, यातल्या जगणार किती?"

"सगळ्या नाय जगत रे. म्हणून तर सगळ्यांनी लावायच्या."

दसऱ्याच्या सुमारास एकदा उतरलो आणि थबकलोच. काळ्या चिखलात दूरवर शेंगा ताठ उभ्या होत्या, टोकाला कोवळ्या पानांची जोडी घेऊन. रोज दोनदा समुद्र त्यांच्या डोक्यावरून जात होता, तरी उभ्या! हातातल्या चपला चिखलात पडल्या, तेही मला कळलं नाही.

"मावशी, यातली माझी कुठली?"

तिनं टोपलीतली शेवटची शेंग माझ्या तळहातावर ठेवली.

"ही."