सगळ्या प्रयोगशाळांची मावशी

माझी मावशी शिवणकाम करते आणि नाही म्हणायला अजून शिकलेली नाही. काका विसरायला लागले तेव्हा सगळे ‘वय झालं’ म्हणत राहिले. निदान झालं तोवर ते तिलाच ‘बाई, तुम्ही कोण?’ असं विचारू लागले होते. तिने त्यांच्या प्रत्येक शर्टाच्या कॉलरला आतून घरचा पत्ता शिवला आणि तडक इस्पितळ गाठलं. “हे आधी कळेल असं काहीतरी शोधा. माझं काय लागेल ते घ्या.”

त्यांनी रक्त घेतलं. निरनिराळ्या शहरांतल्या प्रयोगशाळा मिळून या आजाराची रक्ततपासणी तयार करत होत्या. सगळीकडची यंत्रं एकच आकडा दाखवतात ना, हे बघायला दर काही महिन्यांनी एका धडधाकट माणसाचं ताजं रक्त सगळ्यांना वाटून पाठवत. ते धडधाकट माणूस म्हणजे मावशी. “मी पाहिली नाहीत एवढी गावं माझं रक्त फिरून आलंय,” ती ऐटीत सांगायची.

पुढे एका प्रयोगशाळेचा आकडा चढला. तिथल्या लोकांना खडसावलं, यंत्र साफ करा. मग दुसरीचा चढला, त्यांनाही बोलणी बसली. तिसरीचाही चढला तेव्हा कुठे हे सगळं काम बघणाऱ्या मोठ्या डॉक्टरीणबाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. मावशीला काही होऊ शकतं, हे तोवर एवढ्या शहाण्यांच्या मनातच आलं नव्हतं. मला त्यांचा अस्सा राग आला!

काही निघालं तर लपवायचं नाही, हे मावशीने आधीच बजावलं होतं. म्हणून बाई स्वतः घरी आल्या आणि सरळ सांगितलं, काकांच्याच आजाराची खूण तिच्या रक्तात दिसतेय. मावशीने हातातलं शिवण खाली ठेवलं.

“म्हणजे यंत्रं बरोबर होती?”

“हो.”

“आणि मला अजून काहीच होत नाहीये.”

“नाही. कदाचित बरीच वर्षं होणारही नाही.”

“मग आधी कळलं की! उगाच झापलंत त्या बिचाऱ्यांना.” ती हसली. आणि मग रडलीही. “यांचं कोण बघणार?”

“मी आहे ना,” मी म्हणालो.

तिने डोळे पुसले. “रक्त न्यायचं थांबवू नका हं, बाई. आता तर ते जास्त कामाचं.” एवढी छाती मी दुसऱ्या कुणाची पाहिलेली नाही.

बाईंना दारापर्यंत सोडून ती मशीनवर बसली. बघतो तर स्वतःच्या कोटाच्या कॉलरला पत्ता शिवत होती.

“आत्तापासून कशाला?” मी ओरडलोच.

“टाका सरळ पडतोय तोवर उरकते.”

मी वाकून वाचलं. पत्ता माझ्या घरचा होता.