घमेल्याखालचं यंत्र

माझं आणि माझ्या सासऱ्यांचं पटत नाही, हे आधीच सांगून टाकते. तेरखेड्यात त्यांचा सुतळी बॉम्बचा कारखाना आहे आणि मी कळंबच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. भांडायला एवढं पुरतं.

त्यात मी कारखान्याच्या स्लॅबवर कॉलेजचा अँटेना बसवला. मोबाइल ज्या उपग्रहांवरून रस्ता दाखवतो, त्यांचेच सिग्नल तो घेतो. हवेत बाष्प वाढलं की हे सिग्नल किंचित उशिरा पोचतात. उशीर झपाट्याने वाढला, तर समजायचं की मोठा पाऊस येऊ शकतो. तसा इशारा मोबाइलवर आला की मी कारखान्यात फोन करायचे आणि बायका वाळत घातलेला माल आत घ्यायच्या. ढग दिसल्यावर एवढा माल हलत नाही.

माझे इशारे बहुतेक खरे ठरले. दुसऱ्या कुणी कौतुक केलं असतं. सासऱ्यांनी निष्कर्ष काढला, की यंत्रच ढग ओढतंय.

"सून लई शिकलेली हाय," ते पारावर सांगायचे, "पर पाऊस घरावर बोलावती."

मी समजावलं, भांडले, अबोला धरला. पालथ्या घड्यावर पाणी!

दिवाळीच्या तोंडावर सगळा माल एकदम उन्हात पडला होता. तो भिजला तर वर्ष गेलं. मी कॉलेजात होते, मोबाइल गप्प होता, म्हणून मीही निवांत. दुपारी नवऱ्याचा फोन आला, "सगळं भिजलं."

पोचले तेव्हा बॉम्बचा हिरवा रंग पाण्याबरोबर गटारात चालला होता. मी तशीच स्लॅबवर चढले. अँटेनावर लोखंडी घमेलं पालथं घातलेलं, वर दगड. लोखंडाखाली कसला आलाय सिग्नल!

ते घमेलं मी खाली आणून सासऱ्यांच्या पुढ्यात आदळलं. सुनेने असं करायचं नसतं. मी केलं.

"मामा, हे तुम्ही घातलं?"

"व्हय. सकाळीच घातलं."

"म्हणून इशारा आला नाही! आला असता तर माल वाचला असता."

त्यांच्या हातात भिजलेला एक बॉम्ब होता, त्याची सुतळी सुटून लोंबत होती. डोळे लाल झाले होते. मला राग होताच, पण त्यांची दयाही आली. वाटलं, आता तरी यांना पटेल.

त्यांनी घमेल्याकडे बघितलं आणि मान हलवली.

"चुकलंच माझं," ते म्हणाले. "कालच झाकायला पायजे व्हतं."