चुकीच्या बेटावरची सरडी

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, आणि धाकटीची सरड्यापर्यंत, असं घरातले सगळे चिडवायचे. चिडवू देत. अख्ख्या घराण्यात असं डोळ्यांत तेल घालून काम करणारं दुसरं माणूस दाखवा! तिची बोट थोरला भाऊ चालवायचा, तोही काही कच्चा गडी नव्हे, पण तिच्यापुढे तोही थकायचा.

दोन बेटं. एकावर मोठी झाडं, दुसऱ्यावर नुसती काटकुळी झुडपं. सरडे मूळचे एकाच वंशाचे. पण पिढ्यान् पिढ्या जाड खोडांवर लांब पायांचे तगले, बारीक काड्यांवर आखूड पायांचे. धाकटी दरवर्षी त्यांना पकडून कापडी पिशव्यांत घालायची, पाय मोजायची, आणि ज्याला त्याला आपापल्या बेटावर नेऊन सोडायची. केस पिकले त्यात.

यंदा अंगात कणकण, कंबर धरलेली. तशातच मोठ्या झाडांच्या बेटावर तिनं एक पिशवी रिकामी केली. दुसऱ्या दिवशी झुडपांच्या बेटावर दुसरी उघडली, तर आतून लांब तंगड्यांचा सरडा! तिनं पिशवीचं तोंड झटकन आवळलं.

"दादा, बोट फिरव. पिशव्या बदलल्या. अंड्यावर आलेली सरडी तिकडे सोडली मी."

"एका सरडीनं काय आभाळ कोसळतंय?"

"तिची पिल्लं तिकडच्यांत मिसळली की कुठले पाय कुणाचे, काय सांगणार? इतक्या वर्षांचं सगळं पाण्यात."

मोठ्या झाडांच्या बेटावर उतरताच दादा खोडं धुंडाळायला लागला.

"तिथे नको रे. खोडं तिला झेपायची नाहीत. बारीक काड्या बघ." बोलणंही तिच्या जिवावर आलं होतं.

दुपार कलल्यावर किनाऱ्याकडच्या एका झुडपात, वाळक्या डहाळीच्या टोकाला सरडी चिकटलेली दिसली. शेपटीवर झुडपांच्या बेटाची खूण म्हणून धाकटीनं लावलेला हिरवा ठिपका; तीच. धाकटीनं काठीला बांधलेला दोऱ्याचा फास अलगद तिच्या गळ्यात सरकवला, तिला हातात घेतलं, पोटावरून बोट फिरवलं. पोट सपाट.

"अंडं घातलं वाटतं हिनं," दादा म्हणाला.

धाकटीनं सरडी पिशवीत घातली, तोंड आवळलं, आणि गुडघे टेकून झुडपाखालची माती बोटांनी चाळायला लागली.

"केवढं असतं?"

"शेंगदाण्याएवढं."

"आणि नाही सापडलं तर?"

"तर अहवालात सांगून टाकायचं. या बेटाची मोजणी यंदापासून धरू नका म्हणून."

'कुणाला कळणार आहे' हे दादाच्या अगदी तोंडाशी आलं होतं. ते त्यानं गिळलं, बोट वाळूत वर ओढली, आणि तिच्या शेजारी बसला.

"तू त्या बाजूनं बघ," ती म्हणाली. "हळू हं. फुटेल."