एका पक्षाचे दोन पार्टनर

आमच्या टाइल्सच्या शोरूममध्ये किस्से वाळूसारखे साठतात. आज झाडून काढले, की उद्या दारात तेवढेच! सध्या जरा निवांत आहे, म्हणून सांगतो.

आमचे मालक दोन, कार्लो आणि एन्झो. दोघंही इटालियन, दोघंही सत्तरी ओलांडलेले. तरुणपणी दोघं तिकडच्या एकाच कडव्या उजव्या पक्षात होते. महायुद्धात हरलेल्या हुकूमशहाच्या उरल्यासुरल्या माणसांनी काढलेला पक्ष! पक्ष एक, गट दोन. कार्लो टायवाल्या गटाचा: संसदेत बसा, सरकारशी जमवून घ्या. एन्झोचा गट म्हणे, तडजोड नाही, रस्त्यावर उतरा. पक्ष केव्हाच संपला, गट मात्र दुबईत सुखरूप पोचले!

आम्हाला हसू येतं, आणि धडकीही भरते. दरवर्षी कंपनीच्या लायसन्ससाठी दोघांच्या सह्या लागतात. एक जरी अडला, तरी कंपनी खलास, आमचे व्हिसा खलास.

*

वसईचा डॉमिनिक आमचा सेल्समन. त्याने एकदा जेवताना भोळेपणाने विचारलं, "सर, सेम पार्टी, तर मग भांडण कसलं?"

कार्लो म्हणाला, "दुसऱ्या पार्टीचे लोक भेटतात कुठे? भांडायला आपलेच लागतात!"

डॉमिनिकला एकदम पटलं. "म्हणजे आमच्या गावची चर्च कमिटीच!"

*

अधिवेशन जवळ आलं, की त्यांच्या पक्षात मेंबर भराभर वाढायचे. जितके मेंबर, तितकी मतं. एन्झोच्या शाखेने तर एकदा कार्लोच्या मेलेल्या आजीला मेंबर करून टाकलं! तिचं मत अर्थातच एन्झोच्या गटाला.

हे सांगताना कार्लो अजूनही लाल होतो. "माझी आजी मरेपर्यंत आमच्या गटात होती!"

एन्झो शांतपणे म्हणाला, "मेल्यावर तिला कळलं."

*

एकदा विषय निघाला पक्षाच्या पैशांचा. नुसत्या वर्गणीत पक्ष चालतो कुठे? कार्लो ऐटीत म्हणाला, गावचा एक गिरणीमालक आमच्या गटाला गुपचूप पाकीट द्यायचा. कशासाठी? तर एन्झोच्या टोळक्याला आवरण्यासाठी!

एन्झोचा कप हातातच राहिला. "तो? तो तर आम्हाला द्यायचा. तुम्हाला आवरायला!"

मग दोघांनी मिळून त्या गिरणीमालकाचा इटालियनमध्ये असा काही उद्धार केला, की आमचा जीव भांड्यात पडला. त्या वर्षी सह्या लगेच झाल्या.

*

व्हिसाच्या मेडिकलला एकदा मी आणि दोघं मालक एकाच रांगेत होतो. मी धीर करून विचारलं, "सर, तुमचा पक्ष सत्तेवर आला असता, तर मला इटलीत घेतलं असतं?"

"नाही," एन्झो म्हणाला.

"नाही," कार्लो म्हणाला.

एका सेकंदात एकमत! मला रागच आला. तेवढ्यात नर्सने "नेक्स्ट" म्हटलं, आणि आम्ही तिघं परदेशी बाह्या वर करून पुढे सरकलो.

*

यंदा ऑगस्टमध्ये मात्र खरंच फाटलं. पन्नास वर्षांपूर्वी पक्ष कोणी बुडवला, यावरून! एन्झो म्हणाला, मी वेगळा होणार, सही करणार नाही. घरी, डिस्कव्हरी गार्डन्सला, बायकोने नवी खरेदी थांबवली. दहावीतली मुलगी रोज विचारायची, "बाबा, आर वी गोइंग बॅक?"

शेवटी दोघांनी पक्षाची जुनी रीत बाहेर काढली. अधिवेशन भरवायचं आणि मतं घ्यायची. प्रतिनिधी कोण? आम्ही, स्टाफ! कार्लोने बिर्याणी मागवली, एन्झोने अरबी मिठाई, कुनाफा. डॉमिनिक दोन्ही गटांचं जेवला. ठराव असा, की कंपनी एकत्र राहावी. आम्हा सगळ्यांचे हात झटक्यात वर! व्हिसा कोणाला नको आहे?

एन्झो उठला. त्याने कोट चढवला. हरलेल्या गटाने सभा सोडून जायचं आणि नवा पक्ष काढायचा, ही त्यांच्याकडची प्रथा. कार्लोचा चेहरा उतरला.

"एन्झो, बस ना," तो म्हणाला.

एन्झोने ऐकलं नाही. ताठ मानेने दारापर्यंत गेला आणि काचेचं दार उघडलं. बाहेर भर दुपार. भट्टीतला वारा थेट तोंडावर आला.

तो क्षणभर तसाच उभा राहिला. मग त्याने दार लावून घेतलं, परत आला, माझ्याकडे पेन मागितलं आणि सही करता करता म्हणाला,

"वॉकआउट नोव्हेंबरमध्ये!"