दहापैकी दहा

आमच्या भिवंडीतल्या टेमघरच्या शाळेत विज्ञानाच्या विनिताबाईंना एक खोड आहे. धडा पुस्तकात संपला की त्यांच्या हिशेबी तो अर्धाच झालेला असतो. उरलेला अर्धा पोरांनी गल्लीत जाऊन पुरा करायचा. विजेचा धडा झाला की पोरं चाळीचाळीतून अर्थिंग तपासत हिंडणार, आम्लांचा झाला की बोअरच्या पाण्यात पट्ट्या बुडवणार. आणि त्यासाठी सामान बांधणारा, परत आलेलं धुणारा, फुटलं तर मुख्याध्यापकांची बोलणी खाणारा कोण, तर मी, रामनाथ, प्रयोगशाळेचा शिपाई. बावीस वर्षं मी या बाईंवर चिडत आलोय. पण खोटं कशाला बोलू? तेव्हा अर्थिंग तपासणारा हितेश आज वायरमन आहे, आणि ज्या चाळीत नळाला हात लावला की झटका बसायचा तिथे आता बसत नाही.

बाई भिवंडीतच वाढल्या. वडिलांनी घराला लागून असलेली शेड कापड विणणाऱ्या लूमवाल्याला दिली होती. भिंतीपलीकडे दिवसरात्र खडखडाट, अलीकडे बाईंचा अभ्यास. स्वभावाने दिलदार. फळ्याकडे तोंड असताना पोरं मागे वाट्टेल ते बडबडली तरी त्या कधी रागावल्या नाहीत. फोन मात्र उचलायच्या नाहीत, मेसेज करा म्हणायच्या. त्याला आम्ही बाईंची ऐट म्हणायचो.

अकरा वर्षांपूर्वी नववीला ध्वनीचा धडा झाला आणि बाईंनी नवं खूळ काढलं. पोरांनी आपापल्या घरातल्या, शेजारच्या लूम कामगारांचे कान तपासायचे. हातभर अंतरावर बसून दहा शब्द कुजबुजायचे, समोरच्याने ते परत म्हणून दाखवायचे. साखर, चावी, सुई असले साधे शब्द. किती बरोबर आले ते चिठ्ठीवर लिहायचं, खाली बाईंची सही आणि शाळेचा शिक्का. ज्याला कमी येतील त्याला सरकारी दवाखान्यात पाठवायचं. ज्या दिवशी बाईंनी वर्गात हे सगळं समजावून दिलं, त्या दिवशी मी नेमका रजेवर होतो. पडघ्याला पुतण्याची हळद होती. हे लक्षात ठेवा.

त्या वर्गात जोहा होती, हुशार आणि हट्टी. तिचे वडील सिराजभाई तीस वर्षं लूमवर होते. लूमवरची माणसं एकमेकांशी कशी बोलतात ते बाहेरच्याला कळायचं नाही. तिथे आवाज चालतच नाही. शेडच्या त्या टोकाला कुणी नुसते ओठ हलवले तरी या टोकाचा माणूस समजतो की चहा आलाय. सिराजभाई त्यात पटाईत होते. मी एकदा रस्त्यापलीकडून तोंडातल्या तोंडात शिवी पुटपुटलो, तर हसून म्हणाले, "रामनाथभाऊ, कोणाला देताय?"

त्यांची शेड बंद पडली होती. वडप्याला गोडाऊनमध्ये काम मिळत होतं, पण तिथला मुकादम म्हणाला, "लूमवाले बहिरे असतात. इथे दिवसभर गाड्या मागेपुढे होतात. कान बरे असल्याची चिठ्ठी आण." सिराजभाईंनी जोहाने केलेली चिठ्ठी नेऊन दिली. दहापैकी दहा. खाली बाईंनी बारीक अक्षरात लिहिलं होतं, ही डॉक्टरी तपासणी नाही. पण शिक्का दिसल्यावर पुढचं कोण वाचतो?

चौथ्या महिन्यात, भर दुपारी, गोडाऊनच्या आवारात एक कंटेनर मागे येत होता. त्याचा रिव्हर्सचा टी-टी आवाज चालू होता. लोक ओरडले. सिराजभाई पाठमोरे उभे होते. त्यांनी मान वळवली नाही.

मातीला मी गेलो होतो. जोहा घरात एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेली होती, असं बायका सांगत होत्या.

महिन्याभराने बाईंनी प्रयोगशाळेतल्या कपाटातून त्या प्रकल्पाची फाइल काढायला सांगितली. तिच्यात फोटो चिकटवले होते. जोहाच्या घरचा फोटो तिच्याच वर्गातल्या हितेशने काढलेला. सिराजभाई आणि जोहा समोरासमोर बसलेत, जोहाचं तोंड उघडं, सिराजभाई तिच्या ओठांकडे बघत हसतायत, आणि जोहाची वही तिच्या मांडीवर. बाई किती तरी वेळ बघत राहिल्या. मग खुर्चीत बसल्या.

"रामनाथदादा," त्या म्हणाल्या, "यांनी ऐकलंच नाही हो. यांनी ओठ वाचले. पोरांनी वही तोंडापुढे धरायला हवी होती. मी सांगितलं होतं का?"

"मना काय म्हाईत बाई? मी त्या दिवशी नव्हतोच हितं."

"सही करताना हाच फोटो बघितला होता मी. काही वावगं वाटलंच नाही मला."

त्यांनी हितेशला विचारलं, त्याला आठवेना. बाकीच्यांचे फोटो पाहिले, तर काहींनी वही धरलेली, काहींनी नाही. त्यावरून काय समजणार? जोहाला विचारायचं धाडस त्यांचं झालं नाही. आणि खरं सांगतो, माझंही झालं नसतं.

तेव्हापासून बाईंना काहीतरी लागलं. मी मांत्रिकाकडे जाणारा माणूस नाही, पण जे पाहिलं ते पाहिलं. एकट्या प्रयोगशाळेत असल्या की त्या सारख्या वळून मागे बघायच्या. मी बाटल्या घेऊन आत शिरलो की दचकून किंचाळायच्या. "मागे कोणीतरी उभं असतं हो," म्हणायच्या. कोण ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. रस्त्याने चालताना दहा पावलांवर एकदा थांबून पाठीमागे बघणार. मलाही पुढे पुढे त्या खोलीत दिवसाढवळ्या भीती वाटू लागली. शाळेमागची लूमची शेड बंद होऊन वर्षं झाली, तरी कधी कधी मला तिचा खडखडाट ऐकू यायचा. फाइल जाळून टाका म्हटलं, तर बाई म्हणाल्या, नाही. दर वर्षी ध्वनीचा धडा आला की ती काढायच्या आणि मला विचारायच्या, "सांगितलं होतं का हो मी?"

जोहा शिकली. बारावी सायन्स करून मुंबईला कानांच्या तपासणीचाच अभ्यासक्रम केला, ऑडिओलॉजिस्ट झाली. बाईंनी तिचे फॉर्म भरले, शिफारसपत्रं लिहिली. लोक म्हणायचे, बघा, बाईंच्या एका धड्याने पोरगी कुठल्या कुठे पोचली. बाईंचा चेहरा तेव्हा बघवत नसे.

गेल्या हिवाळ्यात जोहा शाळेत शिबिर घ्यायला आली. नववीच्या पोरांना तिने आधी एकच गोष्ट शिकवली.

"माणसाला आपल्याकडे पाठ करून बसवायचं. लूमवाल्याला समोर बसवलंत तर तो तुमचे ओठ वाचेल आणि कागदावर पैकीच्या पैकी येतील."

बाई दारात उभ्या होत्या. त्या आत आल्या नाहीत.

दुपारी पोरं डबे खायला गेली. प्रयोगशाळेत जोहा, बाई आणि वायरी गुंडाळणारा मी. बाई जोहासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"जोहा, अकरा वर्षं एक विचारायचं राहिलंय. वही तोंडापुढे धरायची, हे मी तुम्हाला सांगितलं होतं का? खरं सांग. काहीही असलं तरी मी ऐकीन."

जोहाचे हात थांबले. मग ती म्हणाली, "आधी तुमचे कान तपासू या बाई. भिंतीकडे तोंड करून बसा."

बाई बसल्या. जोहा त्यांच्या मागे हातभर अंतरावर उभी राहिली. मी तिथे आहे हे ती विसरली असावी. शिपाई कुणाच्या लक्षात राहतो? तिने मान खाली घातली आणि कुजबुजली,

"सांगितलं होतं बाई. मी आधी वही धरूनच विचारलं. अब्बांना दोनच शब्द आले. त्यांना ते काम हवं होतं. मग मी वही खाली ठेवली."

जोहा डोळे मिटून उभी होती. बाई काय म्हणतील याची वाट बघत होती.

बाई भिंतीकडे बघत ताठ बसल्या होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "कर ना सुरू. मी तयार आहे."

जोहाने डोळे उघडले. तिने माझ्याकडे पाहिलं, तेव्हा कुठे तिला कळलं की मी आहे. बाईंना ऐकूच गेलं नाही, अशी मी मान हलवली. फळ्याकडे तोंड असताना न रागावणाऱ्या बाई, फोन न उचलणाऱ्या बाई, मी आत शिरलो की किंचाळणाऱ्या बाई. बावीस वर्षं मी त्यांच्याच खोलीत काम केलं आणि मला समजलं नाही. त्यांना त्या फोटोत वावगं का वाटलं नाही, तेही आत्ता समजलं. त्या स्वतःच सगळ्या जगाचे ओठ वाचत आल्या होत्या. मला रडू आलं.

जोहा फिरून त्यांच्या समोर गेली. "तपासणी झाली बाई. तुम्हाला कानाचं यंत्र लागेल."

"ते राहू दे. मी विचारलं त्याचं काय?" बाई तिच्या ओठांकडे बघत होत्या.

मग ती एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "आठवत नाही, बाई."

जाताना फाटकापाशी तिने माझा हात घट्ट धरला. मी तिच्या हातावर हात ठेवला.

आता बाईंना यंत्र आहे. मी चाळीस पावलांवर असलो तरी चप्पल ऐकू येते म्हणतात. मागे वळून बघणं मात्र गेलेलं नाही. गेल्या आठवड्यात ध्वनीचा धडा आला, फाइल निघाली. बाई त्या फोटोवर वाकल्या होत्या आणि मी त्यांच्या पाठीमागे परीक्षानळ्या पुसत होतो. येत्या मे महिन्यात मी रिटायर होणार. न राहवून म्हणालो,

"बाई, सांगितलं व्हतं तुम्ही. वही धरायला सांगितलं व्हतं."

त्यांनी ऐकलं. मान वर न करता त्या म्हणाल्या,

"तुम्हाला कसं ठाऊक, रामनाथदादा? तुम्ही तर त्या दिवशी पडघ्याला होतात."