धाकटीचा निवांतपणा

तीन लेकरांची आई होऊनही जिच्या ताटातली भाकरी कधी निवली नाही अशी बाई मी आयुष्यात एकच पाहिली, आणि माझं नशीब असं की ती माझीच धाकटी जाऊ निघाली. परक्या घरातली असती तर मी चार बायांत तिचं कौतुक सांगितलं असतं. पण घाटनांदुरात एकाच छपराखाली, एकाच ओट्यापुढं तिच्याबरोबर राहायचं म्हणजे रोज दोन वेळा पोटात दुखणं आलं. तीन लेकरं, दावणीला दोन म्हशी, दारात शिलाई मशीन आणि त्यावर गावभरच्या बायांचे ब्लाउज, एवढा पसारा असूनही जेवायला ही पहिल्या भाकरीला. तव्यावर टम्म फुगलेली भाकरी आपल्याच ताटलीत घ्यायची, वर लसणाचा ठेचा, आणि पाटावर ऐसपैस बसून डोळे मिटून खायची. सासूबाईंनी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, आधी घरच्या माणसांला वाढावं." ही शांतपणे म्हणाली, "आत्याबाई, मंग मी काय शेजारच्या घरची हाय का? उपाशी हातानं थापली की भाकर तुटती. आता बगा कशा येतात." आणि खरंच तिच्या भाकऱ्या गोल गरगरीत यायच्या. माझ्या भाकरीला एका बाजूनं कायम खिंड. मी शाळेत मास्तरीण. सकाळी सगळ्यांचे डबे भरायचे, स्वतःचा घास उभ्यानं गिळायचा आणि पळायचं, हे मी पुण्य समजून करत आले होते. हिनं माझं सगळं पुण्य एका भाकरीत खोटं पाडलं.

दुपारचं तर विचारूच नका. भांडी पालथी पडली की ती आपल्या खोलीत जायची आणि आतून कडी लावायची. मग कोणीही दार वाजवो, आतून एकच उत्तर, "मी घरात न्हाई." एका रविवारी आमच्या थोरल्या नणंदबाई आल्या होत्या. त्यांनी दाराला कान लावून विचारलं, "मंग आतून कोण बोलायलंय?" आतून आवाज आला, "मीच बोलायले. पन घरात न्हाई." नणंदबाई तडक ओसरीवर येऊन माझ्यावर चिडल्या. आत ती करायची तरी काय? काही नाही. केस मोकळे सोडून मोबाईलवर बारीक आवाजात गाणी लावायची आणि छताकडं बघत पडायची. तिचं धाकटं चार वर्षांचं पोरगं उंबऱ्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला समजावून सांगायचं, "दार उघडल्यावर आई हाय." माझी दोन लेकरं मात्र मी न्हाणीघरात असले तरी बाहेरून पाढे म्हणून दाखवायची.

सीताफळांच्या दिवसांत डोंगरातून पाट्या भरभरून यायच्या. आईनं मोठी फळं लेकरांना द्यावीत आणि आपण फुटकी, चिरडलेली खावीत, अशी जगाची रीत. ही पाटीत हात घालून सगळ्यांत मोठं, डोळे उघडलेलं फळ आधी बाजूला काढायची, ते स्वतःला. मी एकदा नाक मुरडलं तर म्हणाली, "ताई, तीन लेकरं काढली म्हणून जीभ काय दवाखान्यात ठिवून आले का मी?" वर अर्धं फळ माझ्यापुढं केलं. मी नको म्हणाले. त्या फळाची चव मात्र रात्रभर माझ्या जिभेवर नसूनही होती.

पण सगळ्यांत मोठी खोड म्हणजे स्टेशन. गावाला रेल्वे आहे, पण आमच्या घरातून फार कोणी कुठं जात नाही. ही मात्र एखाद्या संध्याकाळी ठेवणीतली साडी नेसायची, पुडीत खारे शेंगदाणे घ्यायची आणि एकटीच स्टेशनवर जाऊन बाकावर बसायची. गाडी आली, गाडी गेली, की घरी परत. ना कुणाला आणायचं, ना कुठं जायचं. पहिल्यांदा ती अशी गेली तेव्हा गावातल्या कुणीतरी माझ्या दिरांना फोन केला, "तुमच्या मंडळी स्टेशनात एकल्याच बसल्यात. घरात काय वाजलं का?" झालं! दीर खताचं दुकान उघडं टाकून धावले, माझे यजमान मोटारसायकलवर, सासूबाई रिक्षात आणि त्यांच्या शेजारी मी. जाऊन पाहतो तर ही शेंगदाण्याची सालं फुंकत बसलेली.

"कुटं निघालीस? कावून निघालीस?" दिरांचा आवाज चिरकला.

"कुटंच न्हाई. गाडी बघायले."

"घरी गाडी न्हाई का आपली?"

"तिच्यावर तुमी असता," ती म्हणाली आणि सरकून बाकावर जागा केली. "बसा आत्याबाई, दम लागला असंल."

सासूबाई तोंडानं तिचा उद्धार करत करत बसल्या. दीर बसले. माझे यजमानही बसले. शेंगदाण्याची पुडी फिरली. थोड्या वेळानं गाडी आली आणि खिडकीतल्या एका परक्या लेकराला सासूबाईंनी चक्क हात हलवला. मी तेवढी उभी होते, कारण माझ्या डोक्यात गॅसवर तसंच राहिलेलं दूध होतं. घरी येऊन ते करपलेलं पातेलं घासताना मी तिला मनातल्या मनात काय काय म्हणाले ते लिहिण्यासारखं नाही.

मागच्या हिवाळ्यात मी पडले. शाळेचं स्नेहसंमेलन, लेकरांच्या परीक्षा, सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन, सगळं एकदम आलं आणि एका सकाळी मी ओट्यापुढंच कोसळले. अंबाजोगाईला नेलं, सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, "बाई दमल्यात. झोपू द्या." घरी आले तर बघायला येणाऱ्यांची रीघ. आणि मला बघायला आलेल्यांसाठी चहा कोणी ठेवावा? मीच उठले. चहा गाळत होते तेवढ्यात धाकटीनं माझ्या हातातली गाळणी काढून घेतली, मला दंडाला धरून तिच्या त्या खोलीत नेलं, पांघरूण घातलं आणि बाहेर दारात मशीन आडवी लावून शिवत बसली. मला आतून सगळं ऐकू येत होतं.

"ताई कशा हायत?"

"बऱ्या हायत."

"जरा बगून जातो की."

"बगितल्यानं बऱ्या व्हत न्हाईत. झोपल्यानं व्हतात."

दोन पाहुणे तर रागावून गेले. मी आत लाजेनं अर्धी झाले. पण त्या खोलीत पडायला किती बरं वाटतं हे मला त्या दिवशी कळलं, आणि ही बाई हे सुख रोज घेत आली या विचारानं आजारपणातसुद्धा माझा जळफळाट झाला.

दुपारी माझी सातवीतली लेक शाळेतून आली आणि मशीनपाशी बसली. मी झोपले आहे असं तिला वाटलं असावं.

"काकू, आई बरी झाली की परत तशीच होईल का?"

"तशी म्हंजी कशी?"

"झोपलेली नसली की चिडलेली."

मशीन थांबली. आता ही माझी कीव करणार, किंवा स्वतःचा मोठेपणा सांगणार, असं मला वाटलं.

"तुजी आई चिडकी न्हाई गं," धाकटी म्हणाली. "उपाशी हाय ती. उपाशी माणूस चिडतंच. तू एक काम कर. सांजच्याला तिच्यासंगं जेवायला बस, आनि पयली भाकर तिला दे. उठायली तर हात धरून खाली बसव."

मशीन पुन्हा सुरू झाली. मी पांघरुणात तोंड खुपसून रडले. आणि रडतानाही एक काटा सलतच होता, लेकीनं हे मला विचारलं नाही, तिला विचारलं. पण संध्याकाळी लेकीनं खरंच माझा हात धरून मला बसवलं. ती माझ्यापुढं बसून शाळेतल्या गमती सांगत राहिली आणि मी तिच्या तोंडाकडं बघत गरम भाकरी खाल्ली. त्यानंतर आम्हा दोघींचा तो रिवाजच झाला. भाकऱ्या माझ्या अजून खिंड पडलेल्याच, पण आता गरम असतात.

या जूनमध्ये लेकरांच्या शाळेसाठी दीर-जाऊ लातूरला राहायला गेले. सामान बांधताना मी तिला विचारलं, "तुला हे सगळं शिकवलं कुणी?"

"आईनं."

"ती पण तुझ्यासारखीच होती?"

"न्हाई ना," ती दोरी आवळत म्हणाली. "तिची मला नुस्ती पाठ आठवती. चुलीकडं तोंड. चेहरा बगायचा म्हणलं की पेटीतला फोटो भाईर काढावा लागतो." मग डोळे पुसून म्हणाली, "ती सुतळी द्या इकडं."

ती गेल्यावर घर मोठं झालं. मला वाटलं होतं, आता माझी जळजळ थांबेल.

परवा संध्याकाळी मी वह्या तपासत बसले होते. सासूबाई दाराच्या चौकटीला धरून बराच वेळ उभ्या होत्या. मी विचारलं, "काही हवं होतं का?" त्या आधी नाही म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पायाला लई ठणका लागलाय गं. जरासं तेल चोळलं असतंस तर... धाकटी असती तर तिला म्हणले असते. तुला म्हणायचं धाडस व्हत न्हाई. तुजे हात कवा रिकामेच नसतात."

मी वह्या बाजूला सारल्या, वाटीत तेल कोमट करून आणलं आणि त्यांचे पाय मांडीवर घेतले. त्या अवघडल्या, दोनदा पाय मागं ओढले, मग हळूहळू भिंतीला टेकून डोळे मिटले. सणावाराला वाकून मी त्या पायांना इतकी वर्षं हात लावत आले होते. त्यांच्या टाचांना एवढ्या भेगा आहेत हे मला माहीत नव्हतं.

धाकटीला ते नक्की माहीत असणार.