थरथर नेमकी कुणाची?

तीस वर्षं मिस्त्री नुसते स्टिअरिंगवर तळवे टेकून ट्रकचं दुखणं ओळखत आले होते. पण महिनाभर चहाचा कप धरतानाही त्यांचा हात थरथरत होता, आणि हे त्यांनी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

आज नेमका जावईच ट्रक घेऊन आला. "मामा, गाडी साठच्या पुढे गेली की नुसता थयथयाट करते. उद्या घाट उतरायचाय."

मिस्त्रींनी ट्रक रस्त्यावर काढला. साठला स्टिअरिंग थडथडलं, पण त्यांना ते चाळिसालाही थरथरल्यासारखं वाटलं. ही गाडी, की आपण? निदान चुकलं, तर उद्या घाटात लेकीचा नवरा असेल.

"मामा, गाडीपेक्षा तुम्हीच जास्त हलताय की!" जावई फिदीफिदी हसला.

मिस्त्रींनी ट्रक कडेला घेतला. "हसू नका, जावईबापू. हात खरंच हलतो माझा. आता तुम्ही चालवा, आणि कधी थरथरतं ते बोला."

"चाळीस... काही नाही. पन्नास... नाही. साठ... हां, आत्ता!"

गॅरेजात पुढचं चाक जॅकवर उचलून मिस्त्रींनी पहारीने ढकललं. ते खुळखुळलं. चाक जिच्यावर वळतं, ती किंगपिन पार झिजली होती.

"हिचं दुखणं सापडलं," मिस्त्री म्हणाले.

जावयाने त्यांच्या हातातली पहार हळूच काढून घेतली. "घाट परवा उतरेन. उद्या तुमचा हात डॉक्टरांना दाखवायला जाऊ."